काटा अर्ध्याच्या जरा खाली

आमच्या गाडीच्या इंजिनचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरने नानांना वाईट बातमी द्यायची नाही असं गेल्या पावसाळ्यात ठरवलं, आणि तेव्हापासून त्याने ते पाळलं.

नाना म्हणजे माझे वडील. ते गाडीत नसतील तेव्हा सेन्सरचं काम चोख होतं. मी एकटी बाजारात गेले आणि बहादूरशेख नाक्यावर अडकले, की डॅशबोर्डवरचा काटा चढायला लागायचा, थोड्या वेळाने बॉनेटखाली पंखा घरघरायचा आणि काटा उतरायचा. नाना गाडीत असले की काटा अर्ध्याच्या जरा खाली येऊन जो थांबायचा तो तिथेच. ऊन असो, चढ असो, एसी चालू असो, काट्याचं म्हणणं एकच, सगळं छान चाललंय.

सेन्सरला एकट्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. आमच्या घरात हीच पद्धत होती. दोन वर्षांपूर्वी नानांच्या हृदयात स्टेंट बसवला तेव्हा डॉक्टर हात धुता धुता म्हणाले होते, "यांना टेन्शन देऊ नका." त्यांनी ते वाक्य बहुधा सगळ्यांनाच म्हटलं असणार. आमच्या घराने त्याचा कायदा केला. भारत मॅच हरला की नानांना पाऊस पडला असं सांगण्यात यायचं. मिक्सर जळला तेव्हा आई वाटण करायला भांडं पदराखाली घेऊन शेजारी जायला लागली. मनी मांजर गेली तेव्हा सुधाकाकाने, म्हणजे खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या काकाने, दोन दिवस गावभर फिरून तिच्यासारखी दिसणारी दुसरी आणली. नाना म्हणाले, "मनी हल्ली बरीच उड्या मारते." काका म्हणाला, "औषध बदललंय तिचं."

गंमत म्हणजे नाना आयुष्यभर एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या जाळीच्या खोलीत बसून, कुठली गाडी उशिरा आहे आणि कुठली रद्द झाली आहे, हे त्यांनी हजारो माणसांना लाउडस्पीकरवरून सांगितलं होतं. लोक जाळीपाशी येऊन भांडायचे. नाना त्यांना परत तेच सांगायचे, तेवढ्याच शांतपणे. त्या माणसाला आता मिक्सर जळल्याचं कळू द्यायचं नव्हतं.

पण हे सगळं किरकोळ होतं. न सांगितलेली मोठी गोष्ट कराडला होती.

कराडला नानांची मोठी बहीण राहते, ताईआत्या. गेल्या पावसाळ्यात तिला विसरायला व्हायला लागलं. आई, काका आणि मी तिला बघून आलो. त्या दिवशी तिने काकाला ओळखलं नाही, मला ओळखलं, आणि आईला विचारलं की दत्ता का नाही आला. दत्ता म्हणजे नाना. परत येताना गाडीत, ऐन घाटात, आई आणि काकाने ठरवलं की हे नानांना सांगायचं नाही. सेन्सर तेव्हा गाडीतच होता.

नाना दर रविवारी ताईआत्याला फोन करतात. त्याचीही व्यवस्था झाली. आत्याची सून वर्षावहिनी हिला सासूचा आवाज हुबेहूब काढता येतो. पूर्वी ती हे फक्त सासू देवळात गेल्यावर करायची. आता दर रविवारी करायला लागली.

मी या सगळ्याच्या विरुद्ध होते आणि तसं मी रोज सांगत होते.

"आई, आत्या अजून अधूनमधून ओळखते. आणखी वर्षभर थांबलो तर तेही जाईल. मग नानांना काय सांगणार तू?"

"तुला वाटतं सांगून टाकणं म्हणजे मोठा शूरपणा," आई म्हणाली.

"मला वाटतं न सांगणं म्हणजे आळशीपणा."

"तुझ्या वयात सगळं खरंच बोलावंसं वाटतं, ऋता," काका म्हणाला.

"आणि तुमच्या वयात?"

"आमच्या वयात गोळ्या वेळेवर घ्याव्याशा वाटतात."

मी केव्हाच सांगून मोकळी झाले असते. पण आईने मला स्वतःची शपथ घातली होती, आणि फिजिक्सची पदवी घेऊनही शपथेचं काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

मे महिन्यात नानांनी जाहीर केलं की ते आंब्याची पेटी घेऊन ताईकडे जाणार आहेत. स्वतः गाडी चालवत.

"अचानक काय?" आईने विचारलं.

"ताई मला रागावत नाही हल्ली."

"मग चांगलंच आहे की."

"साठ वर्षं रागावतेय ती मला. गेल्या रविवारी मी मुद्दाम सांगितलं, रोज दोन भजी खातो म्हणून. म्हणाली, बरं हो, जपून. काहीतरी बिनसलंय तिचं."

आई आणि काका कामाला लागले. गाडीच घाटात नेण्यासारखी राहिलेली नाही, असं दोघांनी जेवताना दोन-तीनदा म्हणून पाहिलं. नाना म्हणाले, काटा कधी अर्ध्याच्या वर जात नाही, आणखी काय पाहिजे? आणि खात्री पटावी म्हणून त्यांनी आईला आणि मला गाडीत घालून शिरगावपर्यंत नेलं. गेटमधून निघताना गाडीची डावी बाजू खांबाला घासली. "गेट अरुंद झालंय," नाना म्हणाले. त्यावर कुणीच काही बोललं नाही, कारण आमच्याकडे बोलत नाहीत.

शिरगावच्या अलीकडे बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली.

"नाना, वाफ येतेय."

नानांनी काट्याकडे पाहिलं. "काटा अर्ध्याच्या खाली आहे."

"वाफ काचेवर आलीय."

"धुकं असेल," मागून आई म्हणाली.

दुपारचे दोन वाजले होते आणि रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. गाडी आपली आपणच थांबली. मग नाना म्हणाले, "बहुतेक पेट्रोलमध्ये काहीतरी आहे."

गाडी ओढून खेर्डीला मुकादमांच्या गॅरेजमध्ये नेली. दिलावर मुकादम हे पन्नाशीचे, अंगावर नेहमी इस्त्रीचा शर्ट, आणि स्वभाव कोर्टातल्या कारकुनाचा. भिंतीवर त्यांनी पाटी लावली होती, "तापमान सेन्सरची तपासणी घरच्या माणसांसमोरच होईल. हुज्जत घालू नये." मी ती पूर्वी वाचली होती आणि मला तो उद्धटपणा वाटला होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. रेडिएटर ठीक होता, थर्मोस्टॅट ठीक होता, पंख्याला थेट वायर लावली तर पंखा फिरत होता. मुकादमांनी सेन्सर खोलला. करंगळीएवढी पितळी वस्तू. चहाच्या शेगडीवर त्यांनी पातेल्यात पाणी ठेवलं, सेन्सर वायरने पाण्यात सोडला, त्याच्या दोन टोकांना मीटर लावला आणि शेजारी थर्मामीटर बुडवला.

यातलं शास्त्र मला माहीत होतं. पाणी गार असताना मीटरवर मोठा आकडा दिसतो, अडीच हजाराच्या आसपास. पाणी तापत जातं तसा तो उतरतो. उकळी आली की दोनशेच्या खाली. आमच्या सेन्सरने अगदी तसंच केलं. एकही चूक नाही.

"मग बिघडलंय काय?" मी विचारलं.

"साहेबांचा फोटो आहे का तुमच्याकडे?"

मी फोन काढला आणि गेल्या वाढदिवसाचा नानांचा फोटो पातेल्यासमोर धरला. पाणी खळखळत होतं. मीटरवरचा आकडा एकशे नव्वदवरून दोन हजार तीनशेवर गेला. फोन बाजूला केला की एकशे नव्वद. समोर धरला की दोन हजार तीनशे.

"किती वर्षांची गाडी?" मुकादमांनी विचारलं.

"नऊ."

"घरात आजारी कोण?"

"नानाच. म्हणजे आजारी नाहीत. तसं समजतात."

मुकादमांनी मान डोलावली. "एकत्र राहणाऱ्यांच्या गाड्यांत होतं हे. आता ऐका. साहेब बसले की हा गार म्हणतो. हा गार म्हणतो म्हणून पंखा लागत नाही. पंखा लागत नाही म्हणून इंजिन आणखी तापतं. आणि इंजिन आणखी तापलं की याला वाटतं, आता तर मुळीच सांगायला नको. घाटात हे असंच चाललं तर मधल्या वळणांवर इंजिन जाम होईल. तेव्हाही काटा अर्ध्यावरच असेल."

आम्ही नवा सेन्सर टाकला. मुकादमांनी तो सीलबंद खोक्यातून माझ्यासमोर काढला. नानांना बसवून मी गाडी फिरवून आणली, काटा चढला, पंखा लागला, काटा उतरला. नाना म्हणाले, "हे काय नवीन?" मी म्हणाले, "खरं तापमान." आईने मागून माझ्या खांद्याला चिमटा काढला.

हे रविवारपर्यंत टिकलं. रविवारी नाना गाडीत बसून काचा पुसत होते आणि तिथूनच त्यांनी ताईआत्याला फोन लावला, स्पीकरवर. गुडघा कसा आहे? छान आहे रे. झोप लागते का? लागते की. मी पाठवलेलं तेल लावतेस ना? लावते हो. दहा मिनिटं हे चाललं. संध्याकाळी नानांना घेऊन निघालो तर काटा अर्ध्याच्या जरा खाली.

"सेन्सर बदलून काय होणार?" मुकादम फोनवर म्हणाले. "बसतो तुमच्याच गाडीत ना? पाटीप्रमाणे करावं लागेल. सगळ्यांना आणा."

नवा सेन्सर बसवण्याआधी आई आणि काका मला न सांगता गॅरेजमध्ये जाऊन आले होते. पार्ट मिळत नाही असं सांगून गाडी दिवाळीपर्यंत ठेवून घ्या, अशी त्यांची विनंती होती. हे मला मुकादमांनीच सांगितलं. "मी म्हटलं, वहिनी, पार्ट माझ्या टेबलावर पडलाय. त्याच्यासमोर मी पार्ट मिळत नाही कसं म्हणू? उद्या माझी बाकीची गिऱ्हाइकं कुठे जातील?"

नाना तपासणीला यायला लगेच तयार झाले. गुरुवारी त्यांना कराडला जायचंच होतं, सेन्सर नीट असो वा नसो. आई आणि काकाला यायचं नव्हतं, पण नानांना माझ्याबरोबर एकटं सोडणंही त्यांना शक्य नव्हतं. त्यामुळे बुधवारी सकाळी आम्ही चौघंही गॅरेजमध्ये हजर होतो.

मुकादमांनी नानांना एका जुन्या जीपच्या सुट्या सीटवर बसवलं. आईला स्टूल दिलं. काका टायरवर बसला. मध्ये शेगडी, शेगडीवर पातेलं, पातेल्यात सेन्सर. पाण्याला उकळी आली. थर्मामीटर शंभरच्या जवळ. मीटरवर दोन हजार तीनशे.

"हा म्हणतो, पाणी विहिरीतलं आहे," मुकादम म्हणाले. "सुरुवात करा. लहान गोष्टीपासून घ्या. एकदम मोठी सांगितली तर सेन्सर तडकतो."

"कसली सुरुवात?" आईने विचारलं.

"साहेबांना जे जे सांगायचं राहिलंय त्याची."

नानांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "माझं काय सांगायचं राहिलंय?"

"काही नाही रे दादा," काका म्हणाला.

आकडा दोन हजार चारशे झाला.

"असं केलंत तर संध्याकाळ होईल," मुकादम म्हणाले आणि शेगडी जरा मोठी केली.

मी आईकडे बघत होते. आई पातेल्याकडे बघत होती. शेवटी ती पातेल्यालाच म्हणाली, "मिक्सर जळलाय."

"कधी?" नानांनी विचारलं.

"संक्रांतीला. मी गोखल्यांकडून वाटण करून आणते."

आकडा सरकला. दोन हजार.

"तरी म्हटलं चटणीत त्यांच्यासारखी साखर कशी," नाना म्हणाले. त्यांनी छातीला हात लावला नाही, घाम आला नाही. आईने स्टूल थोडं पुढे ओढलं.

"दादा, वर्ल्ड कपच्या त्या मॅचला पाऊस पडला नव्हता," काका म्हणाला. "हरलो आपण. वाईट हरलो."

सतराशे.

"आणि मनी गेली. ही दुसरी आहे. गुहागर नाक्यावरून आणली."

नानांचा हात स्वतःच्या कानाकडे गेला. "मनीच्या कानाला खाच होती," ते म्हणाले.

"होती."

"हिला नाही."

"नाही."

नानांनी डावा डोळा चोळला. आकडा हजारापाशी येऊन थांबला. काकाने शेजारचं फणसाचं झाड पडल्याचं सांगून पाहिलं, वाईट बातमी असली की आमच्या पेपरचं पहिलं पान कुठे जातं ते मी सांगितलं. आकडा दहा-वीसने हलला, बस.

"हे किरकोळ संपलं," मुकादम म्हणाले. "आता मोठी घ्या."

काका माझ्याकडे बघायला लागला. वर्षभर मी सांगते, मी सांगते असं ओरडत होते. तोंडात वाक्य तयार होतं. पण आईची शपथ होती, आणि नाना त्या जीपच्या सीटवर हात मांडीवर ठेवून, स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखे बसले होते. मी ते वाक्य गिळलं आणि आईकडे पाहिलं.

आई उठली. तिने सवयीने शेगडी बारीक केली, मग लक्षात येऊन परत मोठी केली.

"ताईंना विसरायला होतंय," ती म्हणाली. "आधी गॅसवर दूध विसरायच्या. मग वार विसरायला लागल्या. आता कधी स्वतःच्या मुलाला ओळखतात, कधी नाही. तुमचं नाव काढलं की कधी म्हणतात माझा भाऊ, कधी म्हणतात कोण. रविवारी फोनवर असते ती वर्षा."

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

नानांनी चष्मा काढला. काका पटकन उठला आणि त्यांचं मनगट धरून नाडी बघायला लागला.

"सोड रे," नाना म्हणाले. "तुला कळतं का नाडीतलं?"

"नाही."

"मग सोड." त्यांनी चष्मा परत घातला. "म्हणजे वर्षभर मी वर्षाला विचारतोय गुडघा कसा आहे."

"हो."

"तिचा गुडघा चांगलाच असणार. मला वाटलं, तेल लागू पडलं." त्यांनी पातेल्यातल्या पाण्याकडे पाहिलं. "तेव्हाच सांगितलं असतंत तर मी महिन्यातून एकदा तरी गेलो असतो."

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते वर्षभर बोलून झालं होतं, आणि आईचा चेहरा बघून ते परत बोलावंसं मला वाटलं नाही.

मुकादमांनी घसा साफ केला. "चारशे," ते म्हणाले. "पाहिजे दोनशेच्या खाली. अजून थोडं आहे."

"माझ्याकडचं संपलं," काका म्हणाला.

"माझंही," आई म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी कशाला काही लपवू?" मी म्हणाले. मीटर हलला नाही, म्हणजे ते खरं होतं.

मुकादमांनी पान्हा उचलून फडक्याने पुसला. "पाटीवर घरची माणसं असं लिहिलंय," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "साहेब पण घरचेच आहेत."

नाना जीपच्या सीटवर सरळ बसले. मग त्यांनी तो आवाज काढला. मी लहान असताना स्टँडवर ऐकलेला, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा.

"मला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. दिवाळीपासून. आधी धूसर होतं, मग वाढत गेलं. तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून बोललो नाही."

आई परत स्टुलावर बसली.

"गेट अरुंद झालेलं नाही," नाना पुढे म्हणाले. "आणि त्या मांजराच्या कानाची खाच मला दिसेना. मला वाटलं, डोळा आणखी गेला. रोज सकाळी मी तिला मांडीवर घेऊन बघायचो, आज तरी खाच दिसते का."

काकाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसतोय की रडतोय ते कळेना. बहुतेक त्यालाही कळत नव्हतं.

"एकशे पंच्याऐंशी," मुकादम म्हणाले आणि शेगडी बंद केली. "पास." त्यांनी सेन्सर चिमट्याने बाहेर काढला, पुसला, आणि जाऊन इंजिनमध्ये बसवला. मग हात पुसत परत आले. "गाडी उद्या कोण चालवणार, तेवढं त्याच्यासमोर बोला."

"ही चालवेल," नाना म्हणाले.

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. नाना माझ्या शेजारी, मागे आई आणि काका, दोघांच्या मध्ये आंब्याची पेटी. गेटमधून मी गाडी सहज काढली. नाना खिडकीतून खांबाकडे बघत होते.

कुंभार्लीचा चढ लागला आणि काटा अर्ध्याच्या वर गेला. एका ट्रकच्या मागे आम्ही पहिल्या गिअरमध्ये रांगत होतो.

"काटा चढतोय," नाना म्हणाले.

"काही नाही हो, उन्हामुळे वाटतं तसं," आई म्हणाली.

काटा लगेच थरथरला आणि खाली यायला लागला.

"आई," मी म्हणाले.

"वहिनी," काका म्हणाला.

आईने पदराने कपाळ पुसलं. "तापलीय," ती म्हणाली. "चांगलीच तापलीय गाडी."

काटा वर आला, पंखा घरघरला. पुढच्या वळणावर जागा बघून मी गाडी बाजूला घेतली. खाली दरीत उन्हाने सगळं पांढरं दिसत होतं. नानांनी डावा डोळा झाकून पाहिलं, मग उजवा झाकून पाहिलं, आणि आईला दोन्हींतला फरक समजावून सांगितला. तिने पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलं आणि मला तारीख घ्यायला लावली. काटा उतरल्यावर आम्ही निघालो.

कराडला वर्षावहिनी दारातच उभी होती. नानांना बघून तिचा चेहरा उतरला. "मामा, आवाज जमला हो मला," ती म्हणाली, "पण तुम्हाला रागवायचं म्हणजे जीभच उचलेना."

"ते कळलं मला," नाना म्हणाले आणि आंब्याची पेटी उचलून आत गेले.

ताईआत्या खुर्चीत बसून सुपात मूग निवडत होती. ती बारीक झाली होती. तिने मान वर केली. "कोण आलंय?"

"आई, ओळखलंत ना, तुमचे..." वहिनी घाईने म्हणायला लागली. नानांनी हात करून तिला थांबवलं.

"मी दत्ता," ते म्हणाले. "चिपळूणहून आलोय."

"कोण दत्ता?"

"तुझा धाकटा भाऊ."

आत्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. आम्ही सगळे मागे उभे होतो. आईने माझा दंड धरला होता.

"असशील," आत्या म्हणाली. "म्हणून काय चपला घालून पार आत येशील? आत्ता लादी पुसलीय तिने. आणि ते पोट बघ केवढं सुटलंय. दाढी करायला वेळ नाही मिळाला? पेटी तिथे नको ठेवू, मुंग्या लागतील. उभा काय राहिलास नुसता?"

नानांनी मान खाली घातली होती. पण त्यांचा इतका खुललेला चेहरा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. ते पेटी घेऊन परत बाहेर गेले, पायरीवर चपला काढल्या, आणि आत आले.

"पाय पूस," आत्या म्हणाली.

नानांनी पायपुसण्यावर पाय पुसले, आधी एक, मग दुसरा, अगदी सावकाश. मग ते तिच्या शेजारी खाली बसले आणि सुपातले मूग निवडायला लागले. डोळ्याच्या अगदी जवळ नेऊन एकेक खडा बघत होते. "आंधळा आहेस का?" आत्याने विचारलं. "एका डोळ्याने," नाना म्हणाले. तिने सूप त्यांच्या उजव्या बाजूला सरकवलं.

बाहेर अंगणात गाडी बंद करून थोडा वेळ झाला होता, तरी पंखा चालूच होता.

"कसला आवाज येतोय?" वर्षावहिनीने विचारलं.

आईने नानांकडे पाहिलं. "गाडी तापलीय," ती म्हणाली.